कार्डूनचे देठ दरवेळी कडू, चिवट, पोकळ किंवा काळे निघतात? कारण असे शोधा

कार्डूनबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : "खूप शिजवलं, तरी खाण्यासारखं झालं नाही." या वाक्यात चार निरनिराळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचे मूळ वेगळ्या ठिकाणी असते. जास्त शिजवणे हा त्यांपैकी एकाच दोषावरचा उपाय, आणि तोही अर्धाच. हे देठ मी अनेक हंगाम लावत, सोलत आणि दुरुस्त करत आलो आहे. आधी दोष ओळखला, तर बहुतेकदा पीक वाचते, किंवा निदान पुढचे तरी सुधारते.

कार्डून ही भूमध्य समुद्राभोवती वाढणारी, सूर्यफुलाच्या कुळातली काटेरी वनस्पती. करडई याच कुळातल्या काटेरी शाखेची, म्हणजे हिची लांबची नातलग. आर्टिचोक तर सख्खी बहीण. दोघींचे शास्त्रीय नाव सिनारा कार्डुन्क्युलस हेच. आर्टिचोकची न उमललेली कळी खातात. कार्डूनचा खायचा भाग म्हणजे पानाचा मांसल देठ आणि त्याचीच पुढे गेलेली जाड मधली शीर. झाड बहुवर्षायू असते, पाने रुपेरी-करडी आणि खोल कातरलेली असतात, आणि फुलावर आले की ते माणसाच्या उंचीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. सोटमूळ जमिनीत खूप खोल उतरते.

लक्षणे

कडूपणा : घास घेताच नाही, तर गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला चढतो आणि बराच वेळ टिकतो. किंचित कडसर चव हा दोष नाही, ती या भाजीची ओळख आहे. तोंड वाकडे होईल इतका कडवटपणा हा दोष.

दोरे : गर मऊ होतो, पण तोंडात धाग्यांचा चोथा उरतो.

पोकळपणा : देठ आडवा कापला की मधे पोकळी दिसते, किंवा भेंडासारखा पांढरा, कोरडा, हलका गाभा.

काळे पडणे : कापल्यावर काही मिनिटांत कडा तपकिरी होतात, शिजवल्यावर करडा-काळा रंग येतो.

देठावरच्या लालसर छटेला दोष समजू नका. स्पेनमधल्या सोरिया प्रांतात आग्रेदा नावाच्या गावी कार्डून मातीत गाडून वाढवतात. तिथल्या देठांवर अशी लाली येते आणि त्याच लालीसाठी ते ओळखले जातात.

तपासण्या सुरू करण्याआधी

पुढचे सगळे फक्त लागवडीच्या, खात्रीच्या झाडासाठी आहे. रानातून आणलेली काटेरी वनस्पती ओळख पटल्याशिवाय चाखू नका. भूमध्य प्रदेशातच कार्लिना गमिफेरा नावाची एक काटेरी वनस्पती वाढते (जुने नाव अट्रॅक्टिलिस गमिफेरा). तिची पानांची चकती जमिनीलगत पसरते, मधे बिनदेठाचे गुलाबी-जांभळे फूल बसते, आणि रानटी आर्टिचोक समजून तिचे मूळ खाल्ल्याने माणसे, त्यातही मुले, दगावली आहेत. तिच्यातले अट्रॅक्टिलोसाइड हे विष पेशींचा ऊर्जापुरवठाच बंद पाडते, त्यामुळे यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्रास लगेच सुरू होईलच असे नाही, अनेक तास उलटून जाऊ शकतात. चुकून खाल्ल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. घरगुती उपाय करण्यात एक मिनिटही घालवू नका.

पहिली तपासणी : कच्चा तुकडा चाखा

यात पैसा जात नाही, वेळही जेमतेम पाच मिनिटे. तरी हीच तपासणी सगळे वगळतात. एक बाहेरचा देठ आणि एक आतला देठ घ्या. दोन्हींच्या मधल्या भागाचे बोटभर तुकडे सोलून, धुऊन सावकाश चावा. मग त्याच देठांची साल वेगळी चावून पाहा.

साल कडू आणि गर सौम्य असेल, तर दोष सोलण्यात आहे. बाहेरचा देठ कडू आणि आतला गोडसर असेल, तर बाहेरचे देठ वयस्क झालेत किंवा झाकण बाहेरच्या बाजूने नीट बसलेले नव्हते. दोन्ही देठ सालीसकट गरापर्यंत सारखेच कडू असतील, तर स्वयंपाकघरात फार काही होणार नाही. थेट झाकण, पाणी आणि बियाण्याच्या तपासणीकडे जा. कडूपणा अजिबात नाही पण चोथा राहतो, तर कडूपणाचे सगळे उपाय सोडून द्या आणि वय व पाणी यांकडे पाहा.

ज्यांना सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींची किंवा त्यांच्या परागांची ॲलर्जी आहे, त्यांनी चाखू नये. झाड हाताळतानाही हातमोजे घालावेत, कारण कडूपणा देणारी द्रव्ये काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतात. ओठ सुजले किंवा घसा आवळल्यासारखा वाटला, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

दुसरी तपासणी : सोलताना काय मागे राहते

देठाला तीन ठिकाणी साफ करावे लागते आणि बहुतेक लोक एकच ठिकाण करतात. बाहेरच्या फुगीर बाजूला उभ्या धारा असतात. त्यांच्याखाली जाड दोरे. देठाच्या टोकाला सुरीने अर्धवट काप देऊन तो भाग खाली ओढला की दोरे लांबच लांब निघतात. आतल्या खोलगट बाजूला पातळ पांढुरका पापुद्रा असतो, तो नखाने किंवा सुरीच्या पाठीने खरवडून काढायचा. तिसरे ठिकाण म्हणजे देठाच्या दोन्ही कडांना चिकटलेली पानाची झालर. ती वरवर छाटून भागत नाही, मुळापासून काढावी लागते. कडूपणाचे मुख्य द्रव्य सिनारोपिक्रिन. ते पानाच्या पात्यात भरपूर असते, देठाच्या गरात बरेच कमी. बोटभर झालर भांड्यात गेली, तर सगळे पाणी कडू होते आणि मग चांगले देठही तेच पाणी पितात.

बाहेरचे दोन-तीन देठ फार जाड, हिरवे किंवा भेगाळलेले असतील, तर टाकून द्या. वाया जातील म्हणून जीव तुटतो हे खरे, पण त्यांच्यामुळे सगळे भांडे बिघडते.

तिसरी तपासणी : काळेपणा आणि भांडे

काळे पडण्याचा चवीशी जवळजवळ संबंध नाही, म्हणून घाबरू नका. देठात क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफेनॉल्स असतात. कापल्यावर पेशी फुटतात, हवा लागते, देठातलेच एक विकर त्या द्रव्यांवर काम करते आणि तपकिरी रंग तयार होतो. सफरचंद कापल्यावर जे होते तेच, फक्त इथे अधिक वेगाने. बोटांवरही डाग पडतात.

म्हणून लिंबाचा रस किंवा थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्याचे भांडे कापायला बसण्याआधीच तयार ठेवा आणि प्रत्येक तुकडा सोलला की लगेच त्यात बुडवा. आम्लात ते विकर मंदावते. सुरी स्टेनलेस स्टीलची हवी, भांडेही तसेच किंवा मुलामा दिलेले. लोखंडाशी ही पॉलिफेनॉल्स संयोग पावतात आणि काळपट रंग धरतात. तो रंग लिंबाने जात नाही. दरवेळी लिंबाच्या पाण्यात ठेवूनही देठ काळे होत असतील, तर आधी कढई बदलून पाहा.

चौथी तपासणी : शिजवण्याची रीत

इथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. रंगासाठी आम्ल हवे. पण आम्ल जास्त झाले की पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही आणि देठ तासभर उकळले तरी कडकच राहतात. "शिजतच नाही" ही तक्रार घेऊन आलेल्यांच्या भांड्यात मला पुष्कळदा लिंबाचा नको तितका रस सापडतो.

भिजवण्याच्या पाण्यात आम्ल मनाजोगते घाला, पण शिजवण्याच्या पाण्यात अगदी थोडे. त्याऐवजी थंड पाण्यात कालवलेले चमचाभर पीठ उकळत्या पाण्यात सोडा. जुन्या फ्रेंच स्वयंपाकातली ही पद्धत आहे; पिठाने पाणी गढूळ होते आणि देठ हवेपासून झाकले जातात. पाणी भरपूर घ्या, कारण कडूपणाचा काही भाग पाण्यात उतरतो आणि ते पाणी फेकून द्यायचे असते. कोवळ्या देठांना अर्धा तास पुरतो, जाड देठांना तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. घड्याळापेक्षा सुरीचे टोक खुपसून पाहिलेले बरे.

कडू देठ असतील तर दहा मिनिटांनी पहिले पाणी ओतून नवे उकळते पाणी घाला. दुसऱ्यांदा पाणी बदलूनही कडूपणा हटला नाही, तर थांबा. तिसऱ्या पाण्यानंतर उरतो तो बेचव लगदा. अशा देठांवर स्वयंपाकघरात आणखी वेळ घालवू नका, दोष शेतात आहे.

पाचवी तपासणी : झाकण

माझ्या अनुभवात कडूपणाचे सगळ्यात मोठे कारण हेच. कार्डूनचे देठ काढणीआधी तीन ते चार आठवडे अंधारात ठेवावे लागतात. उजेड तोडला की देठातले हरितद्रव्य ओसरते, नवी वाढ फिकट आणि कोवळी होते, कडवट द्रव्ये कमी राहतात, तंतूही तितके कडक होत नाहीत. न झाकलेले कार्डून खाता येत नाही असे नाही, पण त्याच्याकडून नाजूक चवीची अपेक्षा ठेवू नये.

तपासायचे कसे? एक देठ अगदी बुडाशी कापा आणि रंग बघा. बुडापासून वरपर्यंत मलईसारखा पांढरा किंवा फिकट पिवळसर असेल, तर झाकण ठीक. बुडाशी पांढरा आणि वीतभर वर हिरवा असेल, तर गुंडाळी आखूड पडली. एका बाजूने हिरवा असेल, तर गुंडाळीला फट होती. सगळा हिरवट असेल, तर दिवस कमी पडले.

झाकण्याचे काम कोरड्या दुपारी करा. पाने ओली असताना बांधली, तर आतला कोंब कुजतो आणि तो वास लपत नाही. बाहेरची वाळलेली पाने काढा, जाड हातमोजे घालून सगळी पाने एकत्र उचलून दोरीने दोन-तीन ठिकाणी बांधा. मग जाड पुठ्ठा, गोणपाट किंवा पेंढ्याने गुंडाळा आणि बुडाशी मातीची भर लावा. शेंड्याची पाने बाहेर राहू द्या, त्यांच्यावर झाड जगते. काळे प्लास्टिक मला पसंत नाही. आत वाफ साचते, ऊन पडले की तापते, गोगलगायींना लपायला जागा मिळते आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते.

याच कामाच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या रीती पाहिल्या की अंधाराला किती महत्त्व आहे ते कळते. इटलीतल्या पिएमॉन्ते प्रांतात नित्सा मॉन्फेर्रातोच्या वालुकामय जमिनीत झाड आडवे वाकवून मातीने झाकतात. ते उजेडाकडे वर यायला धडपडते आणि त्याला कुबड येते. हे देठ इतके कोवळे होतात की तिथे ते कच्चेच, लसूण आणि अँकोवी मासळीच्या गरम तेलात बुडवून खातात. जिनिव्हात वेगळी रीत : झाडे जागेवर गुंडाळतात किंवा मुळासकट उपटून अंधाऱ्या तळघरात उभी करतात. १६८५ मध्ये नांतचे फर्मान (प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा फ्रेंच राजाचा हुकूम) रद्द झाल्यावर फ्रान्समधून पळालेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी ही भाजी आपल्याकडे आणली, असे जिनिव्हात सांगितले जाते. तिथल्या काटेरी कार्डूनला २००३ पासून संरक्षित मूळस्थानाचे नाव आहे.

पाच-सहा आठवड्यांपलीकडे झाकून ठेवू नका. सगळी झाडे एकाच दिवशी गुंडाळण्यापेक्षा लागतील तशी टप्प्याटप्प्याने गुंडाळा. झाकलेले झाड वाट पाहत नाही, ते सडू लागते.

सहावी तपासणी : पाणी

पोकळ आणि दोरेदार देठांसाठी इथे या. रानटी कार्डून पहिल्या पावसावर शरदात फुटते, हिवाळाभर पाने वाढवते, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते आणि कडक उन्हाळ्यात वरची पाने वाळवून मुळाच्या आधाराने तग धरते. भाजीसाठी मात्र आपण ते वसंतात पेरतो आणि उन्हाळाभर वाढवतो, म्हणजे ज्या काळात त्याच्या स्वभावानुसार वाढ थांबायला हवी, नेमका त्याच काळात देठ भरायला लावतो. पाण्याचा ताण बसला की झाड मरत नाही, म्हणून आपल्याला काही बिघडल्याचे कळतही नाही. ते फक्त देठ कडक करते आणि गाभ्यातल्या पेशी वाळू देते. कार्डून दुष्काळ सोसते हे खरे, पण दुष्काळ सोसलेले देठ खाण्याजोगे राहत नाहीत.

बोट किंवा काठी मातीत खुपसून वीतभर खोलीवर ओल आहे का पाहा. वरवर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी मुरवा आणि वर जाड आच्छादन घाला. दोन झाडांत सुमारे एक मीटर अंतर हवे. दाटीत लावलेली झाडे पाण्यासाठी भांडतात आणि देठ बारीक, तंतुमय राहतात. आधीच पोकळ झालेला देठ पाणी देऊन भरत नाही. आतून येणारे नवे देठ मात्र सुधारतात, म्हणून झाड उपटू नका.

सातवी तपासणी : झाड फुलावर तर आले नाही?

मधला कोंब जाड होऊन वर निघाला आणि पाने खोडावर एकावर एक चढू लागली, तर झाडाने फुलाचा दांडा सोडला आहे. त्यानंतर सगळा माल फुलाकडे जातो. देठ चिवट आणि कडू होतात, आणि यावर उपाय नाही. दुसऱ्या वर्षीच्या झाडात हे होणारच. पहिल्याच वर्षी होत असेल, तर बहुधा पेरणी फार लवकर झाली, कोवळी रोपे थंडीत सापडली आणि झाडाने हिवाळा उलटून गेल्यासारखा अर्थ घेतला. त्यात पाण्याचा ताणही भर घालतो. पुढच्या वेळी थंडी पूर्ण ओसरल्यावर पेरा आणि भाजीसाठी हे पीक दरवर्षी नव्या बियांपासून घ्या.

फुलावर आलेले झाड वाया मात्र जात नाही. जांभळ्या तुऱ्यातले केसरासारखे धागे वाळवून त्यांच्या पाण्याने मेंढीचे दूध विरजतात. पोर्तुगालचे सेर्रा दा एश्त्रेला आणि स्पेनचे तोर्ता देल कासार ही चीझ अशीच होतात. दूध फाडणारी कार्डोसिन ही विकरे त्या धाग्यांत असतात.

आठवी तपासणी : बियाणे

झाकण, पाणी, वेळ सगळे जमूनही वर्षानुवर्षे देठ बारीक, पोकळ आणि जहाल कडू येत असतील, तर दोष वाणात आहे. ही तपासणी शेवटी, कारण हिच्यासाठी पूर्ण हंगाम लागतो. कार्डून, आर्टिचोक आणि रानटी कार्डून यांचा आपसांत सहज संकर होतो. जवळपास यांपैकी काहीही फुलत असेल, तर घरचे बी शुद्ध राहत नाही. एकाच बियाण्याच्या रोपांत काही काटेरी, काही बिनकाटेरी, काही खुजी अशी सरमिसळ दिसली, तर समजा संकर झाला आहे.

नवे बी घेताना भरीव देठांचा वाण मागा. काट्यांवरून मात्र पारख करू नका. जिनिव्हाचा वाण चांगलाच काटेरी आहे आणि तिथले लोक चवीसाठी त्यालाच धरून आहेत. बिनकाटेरी वाणाने हात वाचतात, चवीची हमी मिळत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पाणी असूनही झाड भर दुपारी मान टाकते, संध्याकाळीही सावरत नाही आणि बुडाशी तपकिरी, मऊ, दुर्गंधीचा भाग दिसतो : ही मूळकूज किंवा कंठकूज. एखादेच झाड असेल तर मातीसकट काढून टाका आणि निचरा सुधारा. शेजारची झाडे एकामागून एक जात असतील, तर अंदाजाने बुरशीनाशक ओतू नका. आजारी मूळ आणि त्याभोवतीची माती घेऊन वनस्पतिरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. बुरशी कोणती हे कळल्याशिवाय दिलेले औषध बहुधा फुकट जाते, आणि खायच्या देठांत त्याचा अंश राहतो तो वेगळाच. पानांखालचा काळा मावा किंवा पानांवरची भुरी यासाठी मात्र तज्ज्ञ लागत नाही. पाण्याचा जोरदार फवारा, बाधित पाने काढणे आणि हवा खेळती ठेवणे एवढ्याने सहसा भागते.

दुसरी वेळ म्हणजे झाड कुंपणाबाहेर पसरू लागते तेव्हा. दक्षिण अमेरिकेत नेलेल्या कार्डूनने काय केले ते चार्ल्स डार्विनने १८३३ च्या सुमारास आजच्या उरुग्वेत पाहिले : बहुधा शेकडो चौरस मैल जमीन या काटेरी झाडांनी अशी भरली होती की माणसाला किंवा जनावराला आत शिरता येईना. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातही ते तण म्हणून पसरले आहे. म्हणून भाजीसाठी ठेवलेल्या झाडाचे तुरे बी धरण्याआधी तोडा. एखाद-दुसरे चुकार रोप लहान असतानाच मुळासकट खणून काढता येते. पण मोठी झाडे मोकळ्या जमिनीत पसरली असतील, तर वरवर कापत बसू नका, खोल मुळापासून ती पुन्हा फुटतात. अशा वेळी त्या भागाच्या तण-नियंत्रण किंवा कृषी विभागाला कळवा. काही ठिकाणी हे झाड लावण्यावर किंवा त्याचे बी विकण्यावर बंधने आहेत, ती लागवडीआधीच विचारून घ्या.